एकशेवीस पावलांचं माथेरान

घरी परतून चार दिवस झाले, तरी भेटेल त्याला मी एकच गोष्ट सांगते आहे. भाजीवालीला सांगितली, लिफ्टमध्ये भेटलेल्या शेजाऱ्यांना सांगितली, आईच्या फिजिओथेरपिस्टला तर दोनदा सांगितली. आता तुम्हाला सांगते. घरात कुणाला धड चालता येत नसेल आणि त्याच घरात अकरा-बारा वर्षांची पोरं असतील, तर दोन रात्रींसाठी माथेरानला जा. हो, माथेरानलाच. जिथे गाडी जात नाही तिथेच!

तुमच्या मनात आत्ता जे आलं, तेच इतकी वर्षं आमच्याही मनात होतं. माथेरान म्हणजे तंगडतोड. गाडी दस्तुरी नाक्यावर थांबते, पुढे अडीच-तीन किलोमीटर लाल मातीतून चाला, मग गाव लागतं, आणि पॉइंट त्याच्याही पुढे. आमच्या घरात माथेरानचं नाव निघालं की कुणीतरी म्हणायचं, "अरे, पण आईचं काय?" तिथेच विषय संपायचा. ठाण्यात आमची हयात गेली, सत्तरेक किलोमीटरवरचा हा डोंगर रोजच्या अंतरात असल्यासारखा, आणि आम्ही कधी गेलोच नाही.

आई ७१ वर्षांची. दोन वर्षांपूर्वी तिला पक्षाघाताचा झटका आला. बोलणं परत आलं, हात बराचसा आला, पण डावा पाय मात्र ओढतो. घरात ती काठी घेऊन हिंडते, खाली बागेत एक फेरी मारते. एका दमात एकशेवीस पावलं. हा आकडा फिजिओथेरपिस्टने मोजून काढलेला आहे. एकशेवीस झाली की बसायला जागा हवी, पाच मिनिटं विसावा हवा, मग पुढची एकशेवीस.

दुसरीकडे माझी लेक बारा वर्षांची आणि भावाचा मुलगा, माझा भाचा, अकराचा. या वयाच्या मुलांना घेऊन कुठे जायचं हा खरंच मोठा प्रश्न आहे, आणि त्यावर कुणी नीट बोलत नाही. झोपाळे-घसरगुंडीचं वय सरलेलं. सूर्यास्त बघत शांत बसायचं वय अजून आलेलं नाही. लहान म्हटलं की रुसतात, मोठं म्हटलं की मोबाइल मागतात. त्यांना खरं हवं असतं ते एकच. मोठ्यांच्या नजरेआड थोडा वेळ, स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या अकलेने. आमच्या शहरात ते त्यांना मिळत नाही. रस्ता ओलांडून वहीचं दुकान गाठायचं तरी आम्ही बाल्कनीतून बघत उभे असतो.

मागच्या वर्षी एका मोठ्या रिसॉर्टवर गेलो होतो. फोनवर विचारलं होतं, वयस्कर माणूस आहे, पाय अधू आहे. "काही अडचण नाही मॅडम, ग्राउंड फ्लोअर देतो." ग्राउंड फ्लोअर होता. पण ती इमारत सात पायऱ्यांच्या जोत्यावर बसलेली होती, आणि त्या सात पायऱ्यांना कठडाच नव्हता! आई दोन दिवस खोलीत बसून राहिली. मुलं तिच्या सोबतीला म्हणून खोलीत, आणि खोलीत म्हणून मोबाइलवर. परतताना गाडीत आई म्हणाली, "यापुढे तुम्ही जात जा. मी राहीन घरी." तिच्या आवाजात राग नव्हता. त्याचंच मला जास्त लागलं.

माथेरानचं नाव काढलं तेही आईनेच. एकदा संध्याकाळी ती बागेतून वर आली ती घामाघूम. काय झालं विचारलं तर म्हणाली, "मागून हॉर्न वाजला की माझा पाय उचलतच नाही. जिथे गाड्या नाहीत अशा ठिकाणी मला चालव, मग बघ." लेक पटकन म्हणाली, "आजी, माथेरान! आम्हाला भूगोलात होतं."

मी उडवून लावणार होते. पण ते वाक्य डोक्यातून जाईना. मागून हॉर्न वाजला की पाय उचलत नाही. फिजिओथेरपिस्टला विचारलं, तर त्याने त्यामागचं कारण सांगितलं. पक्षाघातानंतर चालणं ही आपोआप होणारी गोष्ट उरत नाही. प्रत्येक पावलाकडे लक्ष द्यावं लागतं, आणि लक्ष दुसरीकडे ओढलं गेलं की पाऊल चुकतं किंवा अडतं. म्हणजे आईला दमवत होती ती वाहतूक. रस्त्याची लांबी नंतरची गोष्ट. हे कळलं त्या रात्री मी झोपलेच नाही, माथेरानबद्दल मिळेल ते वाचत बसले.

माथेरानला मोटार नाही ती आजकालच्या हौसेपायी नव्हे. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट हा डोंगर चढून आले आणि गिरिस्थान म्हणून त्याचा बोलबाला सुरू झाला. पुढे मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी त्याला आकार दिला. तेव्हा मोटार नव्हतीच. नंतर सगळीकडे आली, इथे मात्र येऊ दिली नाही. २००३ साली हा सगळा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झाला. आज गावात रुग्णवाहिकेसारखी निकडीची वाहनं आणि मोजक्या ई-रिक्षा सोडल्या तर मोटार नाही. साधारण आठशे मीटर उंचीवर अख्खं गाव, बाजार, शाळा, शेकडो खोल्यांची हॉटेलं, आणि हॉर्न नाही! मला हे माहीत होतं, पण त्याचा अर्थ माझ्या आईच्या डाव्या पायापर्यंत जाऊन पोचतो हे कधी सुचलं नव्हतं.

मग सुरू झाली हॉटेलांना फोनाफोनी. मागच्या अनुभवाने मी शहाणी झाले होते. "लिफ्ट आहे का", "ग्राउंड फ्लोअर आहे का" हे प्रश्न कुचकामी आहेत. विचारायचं ते असं : फाटकापासून पलंगापर्यंत एकूण पायऱ्या किती? "दोन-तीनच आहेत" असं उत्तर आलं तर म्हणायचं, दादा, जरा जाऊन मोजून सांगता का? न्हाणीघराला उंबरा आहे का, किती उंच? कमोडच्या बाजूला धरायला काही आहे का? अंघोळीला प्लॅस्टिकची खुर्ची मिळेल का? आणि शेवटी, फाटकापासून खोलीपर्यंत चालत एक व्हिडिओ काढून पाठवाल का? सहा ठिकाणी फोन केले. दोघांनी कंटाळून ठेवून दिला. सहाव्या ठिकाणच्या मावशींनी मात्र दहा मिनिटांत व्हिडिओ पाठवला, त्यात स्वतःच मोजत होत्या, "ही एक, ही दोन, आणि इथं खोलीचा उंबरा, चार बोटं." दोन पायऱ्या आणि चार बोटं! मी त्याच क्षणी पैसे भरले. बाजारापासून जवळचं, जुनं, कौलारू, पुढे लांबलचक व्हरांडा असलेलं ते हॉटेल आहे. स्विमिंग पूल नाही, गेम झोन नाही. ते नाही हे मुलांना सांगायचं मी मुद्दाम टाळलं.

दिवस निवडले नोव्हेंबरातले, मंगळवार ते गुरुवार, दिवाळीच्या सुट्टीच्या शेपटाचे. शनिवार-रविवारी तिथे इतकी झुंबड उडते की चालणाऱ्यालाच वाट मिळत नाही. तुमचा बेत आईसारख्या माणसासाठी असेल तर शनिवार-रविवार सरळ सोडून द्या, हवं तर मुलांची दोन दिवस शाळा बुडवा. पावसाळाही नको. निसरडं तर असतंच, शिवाय नेरळहून वर जाणारी गाडी त्या काळात बंद असते.

आता गाडीविषयी. नेरळहून माथेरानची ती छोटी आगगाडी, १९०७ साली सुरू झालेली. सर आदमजी पीरभॉय यांचा पैसा आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांची जिद्द, अशी ती उभी राहिली. १९०४ ते १९०७, तीन वर्षांत डोंगराला वळसे घालत वीस-एकवीस किलोमीटर रूळ टाकले, आणि रुळांमधलं अंतर अवघं दोन फूट! नेरळपासून बसून जायची मुलांची फार इच्छा होती. पण वर पोचायला दोन तासांहून जास्त लागतात आणि बाकं अरुंद. आईचा पाय इतका वेळ दुमडून राहिला तर आखडतो. म्हणून आम्ही आपल्या गाडीने घाट चढून दस्तुरी गाठली, गाडी तिथे उभी केली, आणि शेजारच्या अमन लॉज स्थानकावरून माथेरानची शटल पकडली. तीच गाडी, तेच रूळ, फक्त शेवटचा टप्पा. पंधरा-वीस मिनिटांत तुम्ही गावाच्या मधोमध!

डब्याची पायरी उंच असणार हे आधीच कळलं होतं, म्हणून घरून नऊ इंची प्लॅस्टिकचं स्टूल नेलं होतं. भाच्याने स्टूल ठेवलं, दाबून धरलं, आईने दांडा पकडला, मी मागून कमरेच्या पट्ट्याला आधार दिला. एक, दोन, आणि आई डब्यात! हा कमरेचा पट्टाही सांगून ठेवते. माणसाला काखेत धरून उचललं की खांदा दुखावतो, पक्षाघाताच्या बाजूचा तर हमखास. रुंद कापडी पट्टा कमरेला बांधायचा आणि आधार त्याला द्यायचा. गाडी हलली तशी थंड हवा खिडकीतून आत आली, एका वळणावर झाडी बाजूला झाली आणि खाली खोल दरी दिसली. मुलं ओरडली. आई काहीच बोलली नाही. तिने फक्त डोक्यावरचा पदर सोडला आणि वारा केसांत जाऊ दिला.

स्थानकातून बाहेर पडलो आणि मी थांबले. काहीतरी वेगळं होतं आणि ते काय हे कळायला मला क्षणभर वेळ लागला. आवाज! म्हणजे आवाज होते, घोड्यांच्या टापा, चिक्कीच्या दुकानातली हाक, कुठेतरी माकडांचा धिंगाणा. पण त्या सगळ्याच्या खाली जी घरघर आपल्या कानांत जन्मापासून चिकटलेली आहे, ती नव्हती. आईने काठी टेकली आणि रस्त्याच्या मधोमध चालायला लागली. मधोमध! दोन वर्षांत ती भिंतीच्या कडेशिवाय चाललेली मी पाहिली नव्हती.

दुपारी जेवणं झाली. मावशींनी आईसाठी मऊ वरणभात वेगळा केला होता, तोही न सांगता. जेवण झाल्यावर मी मुलांना बोलावलं आणि मनाशी ठरवून ठेवलेलं बोलले. "इथे गाड्या नाहीत. इथून बाजारापर्यंत आणि बाजारापासून स्थानकापर्यंत तुम्ही दोघं एकटे जाऊ शकता. दरीच्या कडेला जायचं नाही, पॉइंट फक्त आमच्याबरोबर, हातात खायचं काही ठेवायचं नाही, माकडं हिसकावतात. पाचला परत."

दोघंही माझ्याकडे बघतच राहिली. लेक म्हणाली, "एकटे म्हणजे एकटे?"

एकटे म्हणजे एकटे! मी व्हरांड्यात बसले खरी, पण पहिला अर्धा तास माझा जीव थाऱ्यावर नव्हता. पाचला दहा कमी असताना दोघं लाल पायांनी धावत आली, मातीने मोजे पार रंगलेले, आणि भाच्याच्या हातात वही.

आता खरी गोष्ट सांगते, ज्यासाठी हा सगळा लेख आहे. त्या वहीत नकाशा होता. मी सांगितला नव्हता, त्यांच्या बापांनी सांगितला नव्हता. बाजारातून परतताना लेकीला वाटलं होतं की आजीला इथवर आणता येईल का, आणि मग दोघांनी पावलं मोजायला सुरुवात केली. आजीची पावलं, म्हणजे छोटी. लेक आजीसारखी पावलं टाकत चालली आणि भाचा मोजत गेला. हॉटेलच्या फाटकापासून अठ्ठ्याण्णव पावलांवर एक दगडी कट्टा. तिथून एकशेदहावर चपलांच्या दुकानासमोरचं बाकडं, "दुकानदारकाकांना विचारलंय, बसू दे म्हणाले." पुढे एकशेचाळीस, म्हणून तिथे लाल फुली, आणि बाजूला लिहिलेलं : "इथे स्टूल न्यावं लागेल." माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. एकशेवीस पावलं ही आमच्या घरात दोन वर्षं एक दुखरी गोष्ट होती. या दोघांनी तिची फूटपट्टी केली!

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला मुलं उठून तयार. सुट्टीत, आपणहून, साडेसातला! आदल्या संध्याकाळी त्यांनी अजून एक फेरी मारून माधवजी पॉइंटकडची वाट मोजून ठेवली होती, या वेळी त्यांच्यासोबत माझा नवरा होता. बाजारापासून फार लांब नसलेला हा पॉइंट, बाजूला बाग. आईला विचारलं, येतेस? ती म्हणाली, "नकाशा केलाय पोरांनी, तर जायलाच हवं."

निघालो. पुढे भाचा स्टूल घेऊन, मग आई, तिच्या डाव्या हाताशी मी, मागे लेक वही घेऊन, आणि सगळ्यांत मागे रिकामी चाकाची खुर्ची ढकलत नवरा. खुर्ची लागली तर असावी म्हणून. लाल वाट, वरून जांभळांची आणि अंजनीची दाट सावली, मधूनच उन्हाचे तुकडे. शंभर पावलं, बसा. पाणी. पुन्हा उठा. लेक मोठ्याने मोजत होती आणि ऐंशी-नव्वदच्या पुढे आई तिच्याबरोबर मोजायला लागली. वाटेत घोडेवाले भेटले. त्यांनी घोडे कडेला घेतले. एकाने थांबून विचारलं, "आजी, कुठवर?" आई म्हणाली, "माधवजीपर्यंत." "मग आलंच की!" खरं तर निम्मी वाट बाकी होती, पण त्या माणसाच्या त्या दोन शब्दांनी आईची पुढची पन्नास पावलं निघाली.

मध्ये एके ठिकाणी जांभ्याचे दगड उघडे पडले होते. तिथे आईची चार पायांची काठी डगमगली. सपाट फरशीवर ही काठी फार चांगली, पण खडबडीत जमिनीवर तिचे चारही पाय एकदम टेकत नाहीत आणि ती उलट दगा देते. बरोबर साधी एकपायी काठी होती, रुंद रबरी बुचाची. ती दिली आणि चाल सुधारली. चाकाच्या खुर्चीचाही एक धडा तिथेच मिळाला. पुढची छोटी चाकं मातीत रुततात. खुर्ची उलटी फिरवायची, मागची मोठी चाकं पुढे, पुढची चाकं जरा उचलून, आणि मागे ओढत न्यायची. त्या दगडांच्या पट्ट्यापुरती आईला आम्ही तशी नेली. ती पाठमोरी जात होती आणि मुलं तिच्या समोरून चालत होती, तिच्याशी बोलत.

पॉइंटवर पोचलो तेव्हा नऊ वाजून गेले होते. अंतर एवढंसं, धडधाकट माणूस चहा थंड व्हायच्या आत जाईल. आम्हाला दीड तास लागला, आणि त्या दीड तासात मुलांनी एकदाही "किती वेळ" म्हटलं नाही! खाली दरीत अजून धुकं होतं, त्यातून डोंगरांची टोकं वर आलेली. आई स्टुलावर बसली, काठी मांडीवर आडवी. बराच वेळ बघत राहिली. मग लेकीला म्हणाली, "लिही वहीत. आजी पोचली, नऊ वाजून बारा मिनिटं."

लिहिलंय तिने.

दुपारी आई झोपली आणि मी तिच्याजवळ थांबले. मुलं नवऱ्याबरोबर घोड्यांवरून शार्लोट तलावाकडे गेली. गावाला पाणी पुरवणारा हा तलाव. पुढे एको पॉइंटवर जाऊन घसा बसेपर्यंत ओरडून आली. हे मुद्दाम सांगते, कारण आईबरोबरचा प्रवास म्हणजे मुलांनी सगळं सोडायचं असं मुळीच नाही. सकाळ सगळ्यांची, दुपार मुलांची, संध्याकाळ व्हरांड्यातली. आम्ही दुसरं काही ठरवलंच नाही. अडतीस पॉइंट आहेत म्हणतात माथेरानला. आम्ही दोन दिवसांत तीन पाहिले आणि तीनही पोटभर पाहिले.

संध्याकाळी बाजारात आईने स्वतः चिक्की निवडली. ही पण साधी गोष्ट नाही हो! दोन वर्षं आम्ही तिला हवं ते आणून देतो, ती घेते. इथे तिने दुकानासमोर उभं राहून तीन प्रकार चाखले, भाव विचारला, आणि शेंगदाण्याची नको, तिळाची द्या म्हणाली.

एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. आम्ही गेलो तेव्हा माथेरानमध्ये हातरिक्षा होती. एक माणूस पुढून ओढायचा, बाकीचे मागून ढकलायचे. पायांनी अधू माणसाला पहिल्यांदा तीच सुचवली जायची. आईने पाहिली आणि म्हणाली, "मला नको. माझ्यासाठी कुणी असं धापा टाकत चढायला नको." ६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही हेच म्हटलं, माणसाने माणसाला ओढण्याची ही प्रथा प्रतिष्ठेला धरून नाही, सहा महिन्यांत बंद करा आणि या कष्टकऱ्यांना ई-रिक्षा द्या. मला हा निकाल अगदी मनापासून पटतो. ज्यांच्या खांद्यांवर हे गाव इतकी वर्षं फिरलं, त्यांच्या हातात ई-रिक्षाचं हँडल आलं पाहिजे, दुसऱ्या कुणाच्या नाही. परतताना आम्ही दस्तुरीपर्यंत ई-रिक्षाने आलो. रांगेत पाऊण तास थांबावं लागलं, कारण गाड्या थोड्या आणि माणसं फार. पण बसायची पायरी बुटकी, रस्त्यावर मातीचे ब्लॉक बसवलेले, धक्के बेताचे. चालवणारे दादा म्हणाले, "सावकाश बसा आजी, घाई कसलीये." मी विचारलं, आधी काय करत होता? "हातरिक्षाच ओढायचो." आई त्यांच्याकडे वळून म्हणाली, "बरं झालं हो." आणि तिने त्यांना चिक्कीचा एक पुडा दिला.

सगळं सुरेख होतं असं म्हणणार नाही. सार्वजनिक स्वच्छतागृहात आईसारख्या माणसाला धरायला दांडा नाही, म्हणून बाहेर पडण्याआधी खोलीतच सगळं उरकावं लागतं. काही पॉइंटना कठडा आहे, काहींना नाही, आणि मुलांच्या बाबतीत तिथे डोळ्यांत तेल घालावं लागतं. आतल्या वाटांवर मोठ्या चाकांच्या खुर्चीशिवाय निभाव नाही. जो माणूस अजिबातच उभा राहू शकत नाही, त्याला शटलमध्ये चढवणं अवघड आहे, त्याने ई-रिक्षाच धरावी आणि मुक्काम बाजाराला लागूनच करावा. गोळ्या एक दिवस जास्तीच्या न्या. गावात दवाखाना आहे, रुग्णवाहिका आहे, पण घाट उतरायला वेळ लागतोच.

पण मला विचाराल तर, या सगळ्यासकट, मी इतकी आनंदात कुठल्याच सहलीहून परत आले नाही. वाटत राहतं, हे आम्हाला आधी कुणी का सांगितलं नाही? पाय अधू माणसाला गाडीच्या दारापर्यंत न्यायचं, गाडीतून काचेतून दाखवायचं आणि परत आणायचं, हेच आपण सहल म्हणून धरून बसलो. आणि मुलांना कुठेतरी पैसे भरून खेळात सोडायचं, हेही. गाडी दस्तुरीला ठेवली आणि आजी-नातवंडं एकाच रस्त्यावर आली. तिला हळू चालायला रस्ता मिळाला, त्यांना एकटं फिरायला तोच रस्ता मिळाला.

फेब्रुवारीत पुन्हा जाणार आहोत. आईने सांगून ठेवलंय, या वेळी खंडाळा पॉइंट. भाच्याने मोजपट्टी घेतली आहे, आता पावलांबरोबर पायऱ्यांची उंचीही लिहिणार म्हणे. आई रोज बागेत दोन फेऱ्या मारते आहे. कालचा आकडा एकशेपस्तीस.

तुमच्या घरात असं कुणी असेल तर माधवजीपर्यंतच्या बसायच्या जागांचा नकाशा तयार आहे. लेकीने त्याच्या दहा झेरॉक्स काढून ठेवल्यात. मागा, ती देईल.